एक माप मोठं

मी आजवर बर्फ पाहिलेला नाही. ठेल्यावर भुशात गुंडाळून ठेवलेली लादी पाहिली आहे, फ्रीजच्या खणात साचणारा पांढरा थर चमच्यानं खरवडला आहे. डोंगरावर पडतो तो बर्फ मात्र पाहिला नाही. तरीही झाशीत, दतिया गेटजवळच्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत बसून मी दीड वर्ष परदेशातल्या लोकांना बर्फावरून घसरत जाण्याच्या फळ्या निवडून देत होते. त्या फळ्यांना स्की म्हणतात. पायात जड बूट घालायचे, ते फळ्यांवर अडकवायचे आणि डोंगर उतरायचा.

दुकान युरोपातलं होतं आणि सगळी विक्री इंटरनेटवर. ग्राहक प्रश्न टाइप करायचे आणि मी इंग्रजीत उत्तर टाइप करायचे. तिथली सकाळ सुरू व्हायची तेव्हा आमच्याकडे दुपारचा दीड वाजलेला असे. आमच्या गटाची प्रमुख इंदूरला बसायची. मी तिला मॅम म्हणायचे, ती मला यार म्हणायची.

ही नोकरी आमच्या घरात काय होती ते सांगायला हवं. बाबा आठवीनंतर शाळा सोडून बसवर कंडक्टर झाले आणि अजूनही बरुआसागरच्या बसवरच आहेत. मी दहावीपर्यंत बरुआसागरला शिकले. तिथल्या बाईंनी स्वतःची जुनी डिक्शनरी मला दिली नसती तर मी इंग्रजीचं एक वाक्यही धड लिहू शकले नसते. घरातली पहिली पदवी माझी. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांचे उपकार मानायचे हे मला लहानपणापासून शिकवलं गेलं, आणि ते मी मनापासून मानते. मॅमनं माझा अडखळता इंटरव्ह्यू ऐकूनही मला घेतलं, म्हणून तिला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

बाबा बसस्टँडवर सांगत, ‘‘हमारी बिटिया विदेशियों को बर्फ पे चलना सिखाती है.’’

‘‘तो भैया, एक जोड़ी हमें भी दिलवा दो,’’ त्यांचा ड्रायव्हर म्हणायचा, ‘‘बस से तो जल्दी पहुँचेंगे.’’

कामाचे नियम दोन. मागे कुणी दिसता कामा नये, कारण मॅम मधूनच कॅमेरा सुरू करायला लावी. आणि ‘मला माहीत नाही’ असं कधीही लिहायचं नाही. आमच्या आतल्या खोलीच्या दाराची आतली कडी मोडलेली होती आणि दार वाऱ्यानं आपोआप उघडायचं, म्हणून आई दीड वाजता बाहेरून कडी लावायची. पाणी हवं असलं की मी दार वाजवायचे. खोलीला खिडकी एकच, तीही शेजाऱ्यांच्या भिंतीकडे तोंड करून. मार्चनंतर कूलर ओल्या गवताचा वास सोडत घरघरत राही. त्या खोलीत बसून मी लिहायचे, ‘ताज्या बर्फासाठी ही जोडी उत्तम आहे.’

माझ्या उत्तरांच्या वर एक डोंगराचं चित्र असे आणि खाली एक ओळ, ‘आमचे सल्लागार स्वतः स्की करतात.’ ती ओळ मी लिहिली नव्हती. पण रोज तिच्याखाली बसत होते.

मी प्रामाणिकपणे अभ्यास मात्र केला. सगळ्यात अवघड प्रश्न एकाच प्रकारचा असायचा. लोकांना एकच जोडी हवी असे, आणि तिनं दोन्ही कामं करायला हवीत. लिफ्टनं, म्हणजे तारेवरच्या खुर्चीतून, वर जाऊन दाबून कडक केलेल्या उतारावर घसरता यावं, आणि लिफ्ट नसलेल्या रानडोंगरावर, मागे घसरू नये म्हणून तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून, आपल्या पायांनी चढून मऊ, भुसभुशीत बर्फातही उतरता यावं. रुंद फळी मऊ बर्फावर तरंगते, पण कडक उतारावर वळायला आळशी. हलकी फळी चढताना सुख देते, पण कडक बर्फावर थरथरते. जड फळी शांत चालते, पण चढताना पाय मोडते. मधली जागा शोधायची.

हे मला वाचून कळेना. म्हणून एकदा परातीत कणीक चाळली आणि तिच्यावर आधी सुरीची धार, मग लाकडी पट्टी दाबून पाहिली. सुरी खाली गेली, पट्टी वर राहिली.

आई मागे उभी होती. ‘‘अगं, पोळ्यांची कणीक आहे ती! तुला नोकरी फळ्यांची लागलीय का पिठाची?’’

त्या दिवसानंतर ‘तरंगणं’ हा शब्द मी विश्वासानं लिहू लागले.

मार्चमध्ये हंगामाच्या शेवटचा सेल लागला. तेव्हा एका बाईंचा प्रश्न आला. साठीच्या जवळच्या असाव्यात. त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. दोन वर्षांनी पुन्हा सुरुवात करते आहे. मुलीबरोबर डोंगरावरच्या एका झोपडीत चढून जायचं आहे, बाकीचे दिवस लिफ्टनं. दोन जोड्या ठेवायला जागा नाही आणि आता तेवढी हौसही नाही. एकच सांगा.’

मी त्यांना खूप प्रश्न विचारले. वजन, उंची, बर्फ कसा असतो, चढण किती तास. त्याही हसतमुखानं लिहीत होत्या. शेवटी मी निवडलेली जोडी फार रुंद नव्हती, फार अरुंद नव्हती. फार हलकी नव्हती, पण चढता येईल इतकी हलकी होती. त्या निवडीबद्दल मला आजही शरम वाटत नाही.

मग त्यांनी लांबी विचारली. ‘तक्त्याप्रमाणे माझ्या उंचीला १६३ सेंटिमीटर येतं. पुढचं माप १७१ आहे. तुम्ही स्वतः काय घ्याल?’

आमच्या घरात कुणीही, कधीही, अगदी मापाची वस्तू घेतलेली नाही. दतिया गेटच्या चपलांच्या दुकानात आई माझ्या अंगठ्यापुढे स्वतःचं बोट घालून बघते. बोट मावलं नाही तर, ‘‘भैया, इससे बड़ा दिखाइए.’’ शाळेचा गणवेश गुडघ्याखाली, स्वेटर बोटांच्या टोकांपर्यंत. वाढत्या अंगाचं घ्यावं, म्हणजे टिकतं. माझे पाय वाढायचे थांबून दहा वर्षं झाली तरी माझ्या बुटांच्या पुढच्या टोकाला कापूस असतो. आणि मऊ बर्फावर लांब फळी अधिक तरंगते हे तर मी वाचलंही होतं.

मी लिहिलं, ‘मी नेहमी एक माप मोठंच घेते. तुम्हालाही पुढे उपयोगी पडेल.’

जराही न थांबता लिहिलं. स्कीबद्दल ती थाप होती हे पाठवल्यावर लक्षात आलं. पण बाईंनी आभार मानून १७१ मागवलं, आणि खाली पुढचा ग्राहक येऊन उभा होता.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी त्यांचा निरोप आला. शुक्रवारी संध्याकाळी आई लक्ष्मी तालाजवळ महालक्ष्मीच्या दर्शनाला जाते. दुपारी लावलेली कडी तशीच ठेवून ती नुकतीच गेली होती. बाबा बसवर होते.

बाईंनी लिहिलं होतं की झोपडीकडे जाणारी वाट नागमोडी होती. प्रत्येक वळणावर उभं राहून एक पाय उचलायचा, फळी पूर्ण फिरवून उलट दिशेला ठेवायची, मग दुसरा पाय. एका अरुंद वळणावर त्यांच्या लांब फळीचं मागचं टोक बर्फात रुतलं. एक पाय येण्याच्या दिशेला, एक पाय जाण्याच्या दिशेला. गुडघा पिळला गेला आणि त्यांना वरही जाता येईना, खालीही येता येईना. अर्धा तास त्या तशाच उभ्या होत्या. पुढे गेलेली मुलगी परत आली तेव्हा तिनं बूट सोडवले. ‘गुडघा सुजला आहे, फार नाही. मी रागावून लिहीत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की मोठं माप घेऊन अशा वळणावर तुम्ही काय करता?’

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. रागासाठी आमच्याकडे तयार उत्तर होतं.

मी मॅमला फोन केला. तिनं माझं आणि बाईंचं सगळं बोलणं स्क्रीनवर काढून वाचलं.

‘‘सात नंबर वाला रिप्लाय भेज दो. साइज़ चार्ट पेज पे था, चॉइस कस्टमर की थी.’’

‘‘मॅम, उन्होंने पूछा है कि मैं क्या करती हूँ.’’

‘‘तो बता दो कुछ. वीडियो देख लो, आधा घंटा है.’’

‘‘पर घुटना...’’

‘‘अरे, घुटना तुम्हारा तो नहीं है न? देख यार, सोमवार को तुम्हारा पक्का होने का मेल जाना है. मैंने तुम्हारे लिए ऊपर बोला है. मुझे मत फँसाओ.’’

फोन ठेवला. स्क्रीनच्या कोपऱ्यात उत्तर द्यायची वेळ उलटी पळत होती, अठ्ठावीस मिनिटं. मी वळणाचा व्हिडिओ लावला. त्यातला सराईत माणूस इतक्या झटकन फिरला की मला काही कळलंच नाही. मला ते करून बघावंसं वाटलं. कोपऱ्यात मच्छरदाणीच्या दांड्या होत्या. दोन काढल्या, ओढणीनं आणि टॉवेलनं पायांना बांधल्या, आणि खाट आणि टेबल यांच्यामधल्या जागेत उभी राहिले. एक पाय उचलला, फिरवला आणि उलटा ठेवला. एका पायाची बोटं खिडकीकडे, दुसऱ्याची दाराकडे. मग दुसरा पाय उचलायला गेले तर दांडीचं टोक खाटेखाली अडकलं. मी झोक जाऊन दारावर आदळले. कडी बाहेरून खडखडली.

‘काय गं?’ म्हणायला बाहेर कुणी नव्हतं.

मी तशीच उभी राहिले. गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण बसत होता. वाकून गाठ सोडावी तर हात पोचत नव्हता. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, त्याचा आवाज कोरडा झाला होता. सोमवारच्या मेलचा विचार मनात आला, बाबांच्या बसस्टँडचा आला, मॅमनं ‘ऊपर बोला है’ त्याचा आला. सगळे आपलेच होते, सगळ्यांनी चांगलंच केलं होतं माझं, आणि त्यांच्यामुळेच मला हलता येत नव्हतं. साठीची एक बाई थंडीत अर्धा तास अशी उभी होती, आणि तिला अजून वाटत होतं की मला यातून सुटायची काही युक्ती माहीत असेल.

शेवटी खाटेवर मागे पडून पाय मोकळे केले. दहा-बारा मिनिटं उरली होती.

मी लिहिलं, ‘मी अशा वळणावर काहीच करत नाही, कारण मी कधी स्की केलेलं नाही. मी जिथे राहते तिथे बर्फ पडत नाही. जोडी मी अभ्यास करून निवडली होती, पण लांबी मी आमच्या घरच्या सवयीनं सांगितली. आम्ही सगळंच एक माप मोठं घेतो. तक्ता बरोबर होता. तुमच्या गुडघ्याला माझ्यामुळे त्रास झाला, मला माफ करा.’ डिक्शनरी न बघता लिहिलेलं माझं ते सगळ्यात लांब इंग्रजी उत्तर असेल. सात नंबर न जोडता पाठवलं.

आई प्रसाद घेऊन आली. कडी काढून आत बघते तर दांड्या जमिनीवर, टॉवेल खाटेवर. मी तिला सगळं सांगितलं.

तिनं दांड्या उचलून कोपऱ्यात ठेवल्या. ‘‘खरं लिहिलंस ते बरं केलंस,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘पण मोठं माप घेतलं म्हणून कुणी अडकतं होय? पुढे कापूस नाही का घालायचा?’’

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलेलं दिसलं. ‘सांगितलंत म्हणून आभार. मी दुकानाला जोडी बदलून मागितली आहे. आता १६३ घेऊ ना? तुम्हीच सांगा.’

मी ‘हो’ टाइप करायला गेले, तर लिहायची चौकट राखाडी झालेली होती. त्यात अक्षर उमटत नव्हतं. मॅमचा निरोप वरच होता, ‘तुम्हें चैट से हटा दिया है. ऊपर से यही कहा गया. रिटर्न्स में रखवाया है, इतना ही कर पाई.’ तिनं तेवढंही केलं नसतं तरी माझी काही तक्रार नव्हती. सोमवारी पक्कं झाल्याचा मेल आला, रिटर्न्सच्या कामाचा. बाबांनी स्टँडवर पेढे वाटले.

आता मी परत आलेल्या मालाच्या नोंदी करते. मे महिन्यात यादीत एक जोडी आली. लांबी १७१, एकदाच वापरलेली, डाव्या फळीच्या मागच्या टोकावर ओरखडा. परत करण्याचं कारण निवडायचं होतं. माप चुकलं, मन बदललं, माल खराब, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि पुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं, ‘सल्ला चुकला.’

संध्याकाळी मॅमचा निरोप आला, ‘इतर मत चुना करो यार, सिस्टम में दिक़्क़त होती है.’ तेव्हापासून मी पहिल्या तीन कारणांपैकीच एक निवडते.

बाबा अजूनही सांगतात की त्यांची मुलगी विदेशी लोकांना बर्फावर चालायला शिकवते. आणि आई अजूनही दीड वाजता बाहेरून कडी लावते. या कामात कॅमेरा नसतो, मागून कुणी गेलं तरी चालतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.