सुप्रभाबाई आणि हॅलोवीनची झोळी

सुप्रभा दामले यांना टीव्हीवरची भुतं बघवत नसत. भीतीमुळे नव्हे, त्यांना त्या भुतांची कीव यायची. साउथहॅम्प्टनच्या भाड्याच्या घरात टीव्हीही भाड्याचाच होता आणि त्यावर दर ऑक्टोबरात एका अमेरिकन विनोदी मालिकेचा हॅलोवीनचा खास भाग लागायचा. पुठ्ठ्याची थडगी, कापसाची कोळिष्टकं आणि पांढरी चादर पांघरलेलं भूत. ते भूत शेवटी हमखास पोस्टमन निघायचं.

"सांगलीला आमच्या माळ्यावर याहून बरी कोळिष्टकं होती," बाई म्हणायच्या. "आणि ती फुकट होती."

त्यांचे यजमान डॉक्टर श्रीनिवास मात्र या भागांपुढे पोथी ऐकायला बसल्यासारखे हात जोडायचेच काय ते बाकी ठेवून बसत. चिलखतात अडकलेल्या काकाचा भाग त्यांच्या आवडीत दुसरा. पहिला मान त्या भागाचा, ज्यात अख्ख्या गल्लीतली पोरं सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि उशीच्या अभ्र्यात खाऊ गोळा करतात. हॉस्पिटलात लोकांची पोटं उघडून नीट शिवणारा हा शहाणा माणूस, इंग्रजांत मिसळायचं कसं हे टीव्हीवरून शिकत होता, आणि तेही अमेरिकनांकडून. चहात दूध आधी की नंतर यावर त्यांनी एक हिवाळा खर्ची घातला होता. बाईंना त्या सगळ्याचा मनस्वी तिटकारा होता.

"अहो, हे अमेरिकेतलं खूळ आहे. तीन वर्षांत आपल्या दारावर एक तरी पोर आलं का?"

"आपण कुणाकडे जात नाही, म्हणून कुणी येत नाही," श्रीनिवासराव म्हणाले. "आणि भाषा एक, धर्म एक, मग सण वेगळा कसा असेल? पुण्याची आणि नागपूरची दिवाळी वेगळी असते का?"

अशा माणसापुढे डोकं फोडण्यात काय अर्थ, म्हणून बाईंनी विषय सोडला. पण ते खाऊचे अभ्रे त्यांच्या डोक्यातून जाईनात. त्यांचे वडील पुण्यात माधुकरी मागून शिकले होते. रोज पाच घरं, खांद्याला झोळी. कुठे शिळी भाकरी मिळायची, कुठे दाराआडून "पुढे जा" ऐकायला मिळायचं. मास्तर झाले त्या दिवशी त्यांनी ती झोळी चुलीत घातली आणि देवापुढे सांगितलं, की माझ्या वंशातलं पोर पुन्हा कुणाच्या दारात झोळी पसरून उभं राहणार नाही. सुप्रभाबाईंना माहेरचं सोनंनाणं फारसं मिळालं नव्हतं. मिळाला होता तो हा शब्द, आणि तो त्यांनी परमुलखातही जपला होता.

एकोणीसशे सदुसष्ट साली हॅलोवीन आणि दिवाळी हातात हात घालून आली. बाई स्वयंपाकघरात चकल्या तळत होत्या. बाहेर काही हालचाल ऐकू येईना, म्हणून सोऱ्या हातात घेऊनच त्या पुढच्या खोलीत आल्या. घरात कुणीच नव्हतं. सहज खिडकीतून पाहिलं आणि त्या जागीच थिजल्या.

समोरच्या मिसेस हॅस्लमच्या दारात त्यांची सहा वर्षांची अलका भूत होऊन उभी होती. अंगावर बाईंच्या लग्नातली सोलापुरी चादर, तिला डोळ्यांसाठी दोन भोकं पाडलेली. निळ्या चौकटींचं, कमळांच्या किनारीचं असं भूत जगात दुसरं नसेल. पाठीशी श्रीनिवासराव. लाल भोपळा मिळाला नाही म्हणून त्यांनी एक सलगम कोरून त्यात मेणबत्ती लावली होती, आणि ते सलगम धरून ते हसत होते. अलकाने दोन्ही हातांनी उशीचा अभ्रा उघडून पुढे धरला होता.

मिसेस हॅस्लमने अभ्र्याकडे पाहिलं, चादरीच्या भोकांकडे पाहिलं, डॉक्टरांच्या जुन्या कोटाकडे पाहिलं. मग मान एका बाजूला कलवून ती आत गेली आणि बाहेर आली ती टोमॅटो सुपाचा डबा, अर्धा पाव आणि मेलेल्या नवऱ्याचा लोकरी कार्डिगन घेऊन. श्रीनिवासरावांनी तीनतीनदा थँक्यू म्हटलं.

"पाहिलंस?" घरात शिरताच ते म्हणाले. "खाऊ संपला असेल बिचारीचा. पण हात रिकामा नाही ठेवला!"

"अहो, तिने भीक घातली तुम्हाला," बाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी जाळलेली झोळी तुम्ही माझ्या पोरीच्या हातात दिलीत. पुठ्ठ्याच्या भुतांचं ऐकून!"

"आई, मला अजून एक घर जायचा आहे," अलका चादरीतून आपल्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिसेस हॅस्लमच्या ओळखीतल्या, वॉर्डच्या सिस्टरने श्रीनिवासरावांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "डॉक्टर, घरी सगळं ठीक आहे ना? मुलीला पोटभर मिळतं ना?" तेव्हा कुठे गृहस्थांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर हॅलोवीनचा भाग लागला की ते उठून टीव्ही बंद करत. बाईंनी मात्र त्यांना सोडलं नाही. दर ऑक्टोबरात त्या विचारायच्या, "यंदा सलगम आणायचं ना?" कार्डिगन त्यांनी मिसेस हॅस्लमच्या पायरीवर मुकाट्याने परत ठेवला, पाव पाखरांना घातला, सुपाचा डबा तेवढा वरच्या फळीवर राहू दिला. त्या दारावरून जावं लागू नये म्हणून त्या बसस्टॉपला लांबच्या वाटेने जात. ते पुढे अंगवळणीच पडलं.

सत्त्याहत्तर साली, हॅलोवीनच्या भिजक्या संध्याकाळी घंटी वाजली. दारात पांढरी चादर पांघरलेलं एक पिटुकलं भूत उशीचा अभ्रा घेऊन उभं होतं. "ट्रिक ऑर ट्रीट!" मागे छत्री धरून मिसेस हॅस्लम.

"माझी नात हो," ती हसत म्हणाली. "टीव्हीवर बघून सगळी पोरं हेच करतात आता. तुम्हाला हे सगळं नवीनच असेल, नाही?"

तिला काही, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्या ताडताड आत गेल्या, फळीवरचा डबा काढला, त्याच्यावरची धूळ पुसली. हा आता त्या अभ्र्यात घालायचा आणि मान कलवायची, अगदी तशीच कलवायची.

"आई, ती मुलगी भिजतोय," जिन्यावरून अलका म्हणाली. "प्लीज, डू समथिंग."

बाई डबा घेऊन दाराशी आल्या तर त्या पोरीने दोन्ही हातांनी अभ्रा उघडून धरला होता. थंडीने तिची बोटं लाल झाली होती. सुप्रभाबाईंना पुण्यातल्या कुठल्याशा दारात उभे असलेले वडील दिसले. त्या परत वळल्या आणि दिवाळीसाठी वळलेले बेसनाचे लाडू आणून ओंजळ भरून त्या अभ्र्यात घातले. मग डबा मिसेस हॅस्लमच्या हातात ठेवला.

"हा तुमचा. दहा वर्षं सांभाळला," म्हणाल्या आणि दार लावलं.

"कोण होतं गं?" आतून श्रीनिवासरावांनी विचारलं.

"माधुकरी मागायला आले होते."

ते उठून खिडकीशी आले. ती पांढरी चादर शेजारच्या दारात उभी होती आणि दार हसत उघडलं जात होतं. श्रीनिवासराव बराच वेळ बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि बाईंना ते बघवेना.

"दहा वर्षं आधी गेलात, एवढंच चुकलं तुमचं," त्या म्हणाल्या. "आणि माझी चादर फाडलीत ते."