काकांची संमती

तीन वर्षांपूर्वी मी एका आरोग्य कंपनीसाठी माहिती गोळा करायचो. टॅबलेट घेऊन कर्जतहून निघायचं, घरोघरी जाऊन आजार, औषधं, फोन नंबर भरायचे आणि शेवटी माणसाच्याच आवाजात संमती रेकॉर्ड करायची. बहुतेक जण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणत.

कोंडाणे या माझ्या गावातल्या आमच्या शेजारच्या काकांनी मात्र साफ नकार दिला. "माजं गुडघं दुखतंय ते कंपनीला कशाला सांगू? ती काय शेक देनार हाय?"

मला हसूही आलं आणि रागही. त्या दिवसाच्या कामात एकच माणूस कमी पडत होता. काकांची नक्कल करून मी लहानपणापासून गावाला हसवत आलोय, आणि त्यांचा नंबर तर मला पाठच होता. गावाबाहेर आंब्याखाली बसून त्यांची गुडघेदुखी आणि नंबर भरला, त्यांच्यासारखा आधी खाकरलो आणि म्हणालो, "हां, माजी संमती हाय." हुबेहूब जमलं म्हणून खूश झालो. ती खुशी आठवली की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदा शिमग्यानंतर काका गेले. पंधरा दिवसांनी काकीनं मला बोलावून घेतलं. "हल्ली त्यांना फोन येतो रं. रोज चार वाजता."

चारला खरंच वाजला. कंपनीच्या मशीनमधला बाईचा गोड, सपाट आवाज. "नमस्कार काका, गुडघा कसा आहे?" मग ती उत्तरासाठी थांबली. काकी रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाली, "झोपलेत."

मी विचारलं, "गेले म्हणून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. दुसऱ्या दिशी परत काका म्हनून बोलते. मग मी बी सोडून दिलं."

आता नवा कायदा आलाय. आपली माहिती कुणाच्या परवानगीनं घेतली हे कंपनीला विचारता येतं, संमती मागेही घेता येते. मी लगेच कंपनीला फोन लावला, स्पीकर चालू ठेवला. काय ऐकायला मिळेल हे मला सुचायला हवं होतं.

"संमती आहे ना, ऐकवतो," तिकडचा माणूस म्हणाला.

फोनमधून काका खाकरले. काकी ताडकन उठली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

"हां, माजी संमती हाय."

"तेच हायत," ती कुजबुजली.

"मागे घ्यायची का?" माणसानं विचारलं. "मग हे रेकॉर्डिंगही पुसलं जाईल."

"पुसू नका!" काकीनं माझं मनगट घट्ट धरलं. "ऱ्हाऊ दे. मला रोज ऐकवा."

मी फोन कापला. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं, पण तिचा तो पदर मला बघवेना. "काकी, काका नाहीच म्हणाले होते. तो आवाज माझा आहे."

ती माझ्याकडे वळली. आता कानाखाली बसणार असं मला वाटलं, आणि बसली असती तर बरं झालं असतं. डोक्यावरचा पदर तिनं काढला नाही.

"मग त्याच आवाजात," ती म्हणाली, "मला एकदा हाक मार रं."