बिबट्याचं निमित्त आणि येडगावचे तात्या

ऑपरेशननंतर आठ महिने मी बायकोपासून लांब झोपलो आणि खापर बिबट्यावर फोडलं.

येडगावचे तात्या आज सकाळी गेले. अंगणात चहा पिताना, हार्टने. लिही एकदा सगळं, असं ते कधीचे मागे लागले होते. म्हणून लिहितोय.

मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. वेळेत सापडला, ऑपरेशन झालं, रिपोर्ट क्लिअर आले. घरात पेढे वाटले.

पण लघवीवर ताबा राहिला नाही. खोकलो तरी थेंब. पॅड लावून फिरायचो, लग्नात मागच्या खुर्चीवर बसायचो.

आणि दुसरं जे गेलं होतं, ते कोणाला सांगणार?

म्हणून खाट गोठ्याशेजारी टाकली. बिबट्या फिरतोय, वासरू लहान आहे, असं घरात सांगितलं. आमच्या महाळुंगे पडवळमध्ये या कारणावर कोणी शंका घेत नाही. उलट भावकीत माझ्या धाडसाचं कौतुक झालं. डोंबलाचं धाडस.

माझी बायको सुमन मग जेवायला वाढण्यापुरतंच बोलायला लागली.

तात्या भेटले पुण्यात, फॉलो-अपच्या रांगेत. त्यांचं हेच ऑपरेशन माझ्या दोन वर्षं आधी झालेलं. घरी मेंढरं, आवाज सगळ्या ओपीडीला ऐकू जाणारा. पहिलाच प्रश्न, व्यायाम करतो का?

मी म्हणालो, शेतकऱ्याला कसला आलाय व्यायाम? दिवसभर कांद्याच्या गोण्या उचलतो की.

"मीबी त्येच म्हणलो व्हतो राव. मेंढरांमागं उभा जन्म चाललो. पर खालचा ह्यो स्नायू कदी चाललाच न्हाई. त्येला शिकवावं लागतंय."

आणि तिथेच बाकावर बसून शिकवलं. लघवी आणि वारा अडवतो तसं आतून आवळायचं, श्वास चालू ठेवायचा, पाच म्हणेपर्यंत धरायचं, सोडायचं.

मग हाताला धरून फिजिओथेरपीच्या मॅडमकडे नेलं. मॅडमनी तेच नीट करून घेतलं, गोण्या बंद केल्या आणि रोज चालायला लावलं. काही महिन्यांत पॅड सुटलं.

शेवटच्या भेटीत मॅडमनी तात्यांसमोरच विचारलं, घरी दोघांचं कसं आहे? मी म्हणालो, मस्त.

तात्यांना ते पटलं नाही. पुढच्या रविवारी एसटीने थेट आमच्या घरी आले. गोठ्याजवळची खाट बघितली, ओट्यावर बसले. सुमन चहा घेऊन आली.

"सूनबाई, बिबट्या-फिबट्या काय नाय. ह्यो तुझ्यापासून त्वांड लपवतोय."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

तात्या थांबले नाहीत. आपणही वर्षभर असंच केलं, म्हातारी झुरली, शेवटी दोघं मिळून डॉक्टरकडे गेलो, हे सगळं सांगितलं. गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत, वेळ लागतो, सगळं परत येईलच असं नाही. पण तोवर जवळ बसायला, हात धरायला कोणी मनाई केलेली नाही.

परक्याच्या घरात, चहा पिता पिता. मान खाली न घालता.

सुमन ट्रे धरून उभी होती.

"मला वाटलं, तुमाला माझा वीट आला."

मी रडलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तात्या उठून कांदा बघायला निघून गेले.

पुढच्या फॉलो-अपला आम्ही दोघं गेलो. किती परत आलं, ते आमचं आम्हाला. पण त्या दिवसापासून जीव जो हलका झालाय, तो आजतागायत.

आज सरणाजवळ चार-पाच अनोळखी पुरुष बाजूला उभे होते. आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही. सगळ्यांना तात्यांनीच शिकवलेलं असणार.

कोणाचं हे ऑपरेशन झालं असेल तर मला फोन करा. लाज वाटत असेल तर बायकोला करायला सांगा. सुमन उचलेल. हे फोनचं तिनेच लिहायला लावलंय.

तात्या, निवांत जा. इथलं आम्ही दोघं बघतो.