सतरा नंबरापुढे निल

ट्रॉलीमावशींना इंग्रजीचा गंध नव्हता, पण एक शब्द त्यांच्या तोंडात असा बसला होता की विचारू नका: निल. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी खाटांची यादी यायची. प्रत्येक नंबरापुढे फुल, हाफ, नाहीतर निल. निल म्हणजे त्या खाटेला ताट नाही. कुणी ऑपरेशनसाठी उपाशी, कुणी घरी गेलेलं, कुणी कायमचं गेलेलं. मावशींना काय त्याचं! चोवीस वर्षं ट्रॉली ढकलून गुडघ्यांचा पार भुगा झालेला. निल दिसलं की म्हणायच्या, "बरं झालं, एक ताट कमी!" घरी साखर संपली तरी निल आणि जावयाची अक्कल विचारली तरी निलच.

त्या सकाळी सतरा नंबरापुढे निल होतं.

मावशींच्या पायाखालची वाळूच सरकली. सतरावर त्यांचा धाकटा भाऊ. ऑपरेशन परवाच झालेलं, घरी सोडायचं तर कुणी नावही काढलं नव्हतं. मग उरलं काय?

"अगं बाई गं!"

किटली हातातून सुटली, चहा पायावर सांडला, तरी भान नाही. आठ वर्षं लिफ्टशिवाय पाऊल न उचललेली बाई धापा टाकत दोन जिने चढली.

वॉर्डात भाऊ उशीला टेकून बसला होता. "ताई, ताट कुठंय? पोटात कावळे कोकलतायत!"

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. हसावं की रडावं कळेना. "मेल्या, जीव घेतलास की माझा! बरं झालं रे देवा, बरं झालं!" सगळा वॉर्ड वळून बघेल एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या. "त्या यादीवाल्याचे डोळे फुटले की काय? मग निल आहे तरी कोण?"

भावाची नजर शेजारी गेली.

अठराची गादी गुंडाळून ठेवली होती. खाटेखाली वाकून एक मुलगी वडिलांच्या चपला पिशवीत भरत होती. यादीत एक ओळ वर-खाली झाली होती, एवढंच.

मुलगी उठून उभी राहिली. "बाबांचं ताट आणू नका हं, मावशी," ती हळूच म्हणाली. "तेवढंच तुम्हाला एक कमी."

मावशींचंच वाक्य ते. रोज ट्रॉली ढकलताना त्या ते ह्याच दोन खाटांमधून म्हणत जायच्या.