चटईखाली लाफाएले

खोटं बोलायचं म्हणून लाफाएले खोटं बोललाच नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पागो पागोच्या बाजारात लोकांनी त्याच्यावर जे तोंडसुख घेतलं, ते मी या कानांनी ऐकलंय. फौजेच्या भरतीच्या ऑफिसात सार्जंट इओसुआने विचारलं, "कधी अटक झाली होती का रे?" आणि हा छाती काढून म्हणाला, "नाही साहेब."

आता झाली होती की नव्हती? झाली होती. चार वर्षांपूर्वी किरिकितीचा, म्हणजे आमच्या गावठी क्रिकेटचा, सामना चालला होता, आणि गडी बाद की नाबाद यावरून दोन बाजूंची जुंपली. पलीकडचा केलेमेते हसत म्हणाला, "बापाविना वाढलेलं पोर, याला नियम कोण शिकवणार!" लाफाएलेच्या हातात बॅट होती, आणि आमची ती बॅट म्हणजे काय, सोटाच. एकच घाव बसला आणि केलेमेतेचा जबडा मोडला. पोलिसांनी ह्याला मैदानावरूनच उचलून कोठडीत टाकलं.

मग त्याचा मामा तौसागा पुढे झाला. घराण्याचा कर्ता पुरुष तोच. पहाटे उठला, आजीच्या हातची बारीक विणीची मऊसूत चटई काढली, आणि केलेमेतेचा बाप वाईपुना, त्याच्या दारासमोर जाऊन ती डोक्यावरून ओढून बसला. आत सगळे जागे होते. कोणी कोयता घेऊन बाहेर आलं असतं तरी मामाने मान हलवली नसती. आमच्यात माफी मागायला तसं बसायचं म्हणजे मान देऊनच बसायचं; घरच्यांनी चटई उचलली तर माफी, नाही तर कोयता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा म्हातारा वाईपुना बाहेर आला आणि त्याने चटई उचलली. झालं, भांडण मेलं. चटई वाईपुनाच्या घरी राहिली, तक्रार मागे घेतली गेली, पोरगा सुटला. आणि गावाचा नियमच आहे की चटई उचलल्यावर जो तो विषय काढेल, त्याने गावाला डुक्कर द्यायचं. कोण काढतोय मग! लाफाएलेच्या लेखी अटकसुद्धा त्या चटईबरोबरच गेली.

एक गोष्ट मात्र गेली नव्हती. केलेमेते रस्त्यात समोरून आला की हा नारळाच्या शेंड्याकडे बघत चालायचा. त्या तोंडाकडे त्याने पुन्हा कधी नीट बघितलंच नाही.

बाप गेला तेव्हा नववीत शाळा सुटली ती सुटलीच. मासळीच्या कारखान्यात लागला. आमच्या बेटावर पोटाला दोनच वाटा, मासळी नाही तर फौज. आणि मासळीचा वास कितीही घासा, जात नाही. चर्चमध्ये पोरी त्याच्यापासून दोन बाकं लांब बसायच्या. त्यात कारखान्याने माणसं कमी करायला घेतली. फौजेच्या परीक्षेत तो दोनदा आपटला. अपूर्णांक दिसला की त्याला घाम फुटायचा. शेवटी पाद्रीसाहेबांच्या बायकोने त्याला ओसरीवर बसवलं, टारोच्या, म्हणजे अळूच्या, कंदाचे तुकडे करकरून गणित शिकवलं, आणि तिसऱ्या खेपेला गडी काठावर पास झाला. त्याची आई सिनिरा गावभर सांगत सुटली. आणि त्याच आठवड्यात सार्जंटने बोलावणं धाडलं.

"दार लाव," सार्जंट म्हणाला. "पोलिसांकडे तुझं नाव निघालं. मला नाही म्हणालास, तोंडावर!"

"साहेब, त्याची चटई उचलली होती."

"मला चटई शिकवतोस? मी काय आभाळातून पडलो? माझा आजाही बसलाय असा. पण होनोलुलूच्या वरच्या साहेबाला चटई कळत नाही. त्याला एवढंच कळतं की पोरगं खरं बोलणारं आहे की थापाडं."

लाफाएले खुर्चीच्या कडेला टेकला. "मग आता?"

"आता एकच वाट आहे. तू स्वतःच्या तोंडाने सांग की मारलं. आणि ज्याला मारलंस त्याने माझ्यासमोर सांगावं की मनात काही नाही. मग मी वर शब्द टाकीन. मी वाईपुनाकडे जाऊनही आलो. म्हाताऱ्याने माझ्यापुढे कोको ठेवला आणि म्हणाला, 'कसली मारामारी? आमच्याकडे कधी काही झालंच नाही.' आता बोल! शुक्रवारी माझी यादी जाते. त्यात नसलास तर हे दार पुन्हा उघडायचं नाही."

अशी गंमत. म्हाताऱ्याने इतकी पुरती माफी दिली होती की तीच पोराच्या गळ्याशी आली.

घरी मामा भडकला. "अक्कल गहाण टाकलीस का? झाकली मूठ सव्वा लाखाची! मी त्या उन्हात भाजलो ते तू हात दाखवून अवलक्षण करावंस म्हणून? म्हातारा तापट आहे. झाकलेलं उकरलंस तर या खेपेला कोयताच येईल. आणि मग त्यांची पोरं, आपली पोरं... नाही म्हणजे नाही. कारखान्यात जा गुमान."

लाफाएले खाली मान घालून बसला. सिनिरा चुलीपाशी नीरफणस भाजत होती, तिने वळूनही बघितलं नाही.

"दादा, तू बसला होतास," ती म्हणाली.

"मग? तेच तर सांगतोय!"

"तू बसलास. हा कुठे बसला होता? हा कोठडीत होता."

मामा उठून बाहेर गेला. त्या रात्री कोणी धड जेवलं नाही.

शुक्रवारी फटफटायच्या आत लाफाएलेने आईची शेजेची चटई गुंडाळून काखेत मारली. दुसरी होती कुठे? बारीक विणीची ती एकच, आणि ती वाईपुनाच्या पेटीत. दारासमोरच्या खडीवर गुडघे टेकले, चटई डोक्यावरून घेतली आणि ओणवा झाला. चटईला आईच्या केसांच्या तेलाचा वास होता. खडी गुडघ्यांत रुतत होती. भीती वाटत होती, खूप वाटत होती, अगदी पळून जावंसं वाटत होतं.

कोंबडे आरवले, ऊन वर आलं. रस्त्यावर गाडी येऊन थांबली. तो सार्जंट असणार, त्याला निरोप धाडला होता. आत नारळ खवत असल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला.

"कोण रे ते?" म्हाताऱ्याचा आवाज.

"लाफाएले, आजोबा."

"शेजेची चटई घेऊन? काय थट्टा मांडलीस?"

"चांगली तुमच्याच घरात आहे." आणि मग, जीभ टाळूला चिकटायच्या आत, "मी केलेमेतेचा जबडा मोडला. बॅटने."

चार वर्षांत ते वाक्य त्या गावात कोणी उच्चारलं नव्हतं.

"गप्प बस!" म्हातारा ओरडला. "मी उचललीय चटई! माझ्या उचलण्याला किंमत नाही?"

"तुम्ही मामाच्या डोक्यावरची उचललीत, आजोबा. माझ्या नाही."

म्हातारा आत गेला. खांबात खोचलेला कोयता ओढला की जो आवाज होतो तो लाफाएलेने बरोब्बर ओळखला. मान ताठ होऊ लागली तशी त्याने ती जोर लावून आणखी खाली घातली. आई गं, एवढंच त्याच्या मनात आलं. पावलं पायरीवर आली, खडीवर आली, जवळ आली.

"बाबा, तो इकडे द्या."

जरा बोबडा आवाज. केलेमेते. लोखंड दगडावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि दुसरी पावलं अगदी कानाशी येऊन थांबली.

"साहेब, विचारा काय विचारायचंय ते," केलेमेते रस्त्याकडे तोंड करून म्हणाला.

सार्जंट घसा खाकरत पुढे आला. "याने तुला मारलं होतं?"

"मारलं होतं. महिनाभर नळीने पेज पीत होतो. शिवी मीही वाईट दिली होती, पण मारलं यानेच."

"आता मनात काही आहे?"

केलेमेतेने पायाने खडी उकरली. चटईखाली लाफाएलेला वाटलं, आता हा 'आहे' म्हणतो की काय!

"आहे," केलेमेते म्हणाला. "हा माझ्या तोंडाकडे बघत नाही. एकाच रस्त्याने जातो येतो आम्ही, आणि हा बेटा शेंड्यावरचे नारळ मोजतो. तेवढंच मनात आहे. दुसरं काही नाही."

आणि त्याने चटई उचलली.

उन्हाने डोळे दिपले होते तरी लाफाएलेने वर बघितलं. जबडा उजवीकडे खाली ओढलेला होता, हसताना जास्तच वाकडा होत होता. आणि केलेमेते हसत होता. लाफाएले खडीवर बसल्या जागी लहान पोरासारखा रडला, आणि सार्जंट उगाच गाडीच्या चाकाकडे बघत राहिला.

सार्जंटने शब्द टाकला, आणि बरीच वाट बघायला लावून वरून होकार आला. विषय काढल्याचं डुक्कर गावाने सोडलं नाही, नियम तो नियम. सिनिराने ते हसत दिलं. विमानाच्या आदल्या दिवशी ते भट्टीतून निघालं तेव्हा म्हातारा वाईपुना मामाच्या शेजारी फुगून बसला होता, पण ताट त्याने दोनदा भरून घेतलं. लाफाएले केलेमेतेसमोर बसून त्याच्या वाटणीच्या मांसाचे बारीक बारीक तुकडे करू लागला.

"अरे, दात पडले का माझे?" केलेमेते म्हणाला. "आण तो कुरकुरीत तुकडा. डाव्या बाजूने चावतो, एवढंच."

लाफाएलेने तुकडा दिला, आणि तो सावकाश चावत असताना शेवटपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसला.