अंगकोरच्या पायऱ्यांखालची पिवळी छत्री

विनायक गेल्याचं त्याच्या मुलीनं सकाळी फोनवर कळवलं. "काका, बाबा इज गॉन," एवढंच बोलली. सांता क्लाराच्या माझ्या घरी चहाचं आधण ठेवलं होतं... ते आटून गेलं. चाळीस वर्षांची मैत्री, आणि मला आठवल्या त्या त्याच्या चपला.

काही वर्षांपूर्वी विनायक, निर्मलावहिनी आणि मी अंगकोरची जुनी ख्मेर देवळं बघायला कंबोडियाला गेलो होतो. हौस मूळ वहिनींची. पण त्यांचे गुडघे आखडले होते. पहिल्याच देवळाच्या उभ्या पायऱ्या बघून त्या म्हणाल्या, की तुम्ही जाऊन या, उद्यापासून मी हॉटेलवरच थांबते. विनायकनं चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. मी वैतागलो. गाभारा रिकामा, भिंतींत झाडं उगवलेली, दगड तव्यासारखे तापलेले. इथे कसल्या चपला काढतोस? चढताना तो हळूच म्हणाला, "देवासाठी नाही रे. चपला सांभाळायला कोणीतरी खाली लागतंच ना?"

आपल्याकडे देवळाबाहेर एकजण चपला राखत बसतो आणि मग त्याची पाळी येते, तसंच हे. वहिनी पिवळी छत्री उघडून ऐटीत बसल्या. खाली आला की हा पठ्ठ्या "आता तुझी पाळी" म्हणायचा आणि शेजारी बसून वरचं सगळं सांगायचा. पायऱ्या किती, कुठल्या अप्सरेचं नाक तुटलंय, रिकाम्या शाळुंकेत पाणी कसं साचलंय... जन्मभर पूल बांधलेला माणूस, त्यामुळे दगडांचे सांधेसुद्धा सुटायचे नाहीत. वहिनी डोळे मिटून ऐकायच्या.

शेवटच्या देवळात मात्र तो भलत्याच बाजूनं उतरला आणि तापल्या मुरमावरून अनवाणी वळसा घालून आला. तळपायांना फोड. वहिनींना म्हणाला, गाइडनं घोळ घातला. मला मात्र बजावलं, खरं तिला सांगायचं नाही. वहिनी फोडांना बर्फ लावत बसल्या आणि त्यांची पाळी राहूनच गेली.

मागच्या आठवड्यात बॉथेलला त्यांच्या घरी गेलो. दाराशी वहिनींच्या खुर्चीजवळ त्याच चपला. मुलगी पिशवी घेऊन उभी होती. "आई, वी शुड डोनेट दीज," ती हलकेच म्हणाली. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, त्या शेवटच्या देवळाची माझी पाळी राहिलीय," त्या मला म्हणाल्या. "वर काय होतं?"

मला त्या देवळातलं काही म्हणता काही आठवेना. आठवत होता तो विनायक. प्रत्येक देवळात वर पोचला की तो आधी कडेला जाऊन पिवळी छत्री शोधायचा, मगच देऊळ बघायचा. त्या दिवशी छत्री दिसली, तिच्यावर नजर ठेवून तो उतरला, आणि खाली गेल्यावर कळलं की छत्री कुणा दुसऱ्याच बाईची होती. मी शब्द मोडला. सगळं सांगून टाकलं. सांगताना मलाच रडू आलं.

वहिनी तेव्हासारख्याच डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी वाकून चपला जवळ ओढल्या.

"राहू देत इथेच," त्या मुलीला म्हणाल्या. "मी बसलेय ना सांभाळायला."