कच्ची मुलं पुढच्या रांगेत

अप्पा गुरुजी गेल्याचं कळलं तेव्हा मी हदगावला मुलीच्या घरी, नातीकडून पाढे म्हणून घेत होते. फोन करीम गुरुजींचा होता. ते, मी आणि अप्पा एकाच शाळेत होतो. "अप्पा गेले, बाई," एवढंच ते म्हणाले. नातीनं पुढचा पाढा आपणहून सुरू केला. त्याला आता महिना झाला. खरं सांगू का, अप्पा आठवले की मला रडू कमी येतं आणि उत्साहच जास्त चढतो. कुणाला तरी धरून बसवावं आणि आमच्या शाळेत काय काय घडलं ते सगळं सांगावं, असं होतं.

शाळा उदगीरच्या अलीकडची, जिल्हा परिषदेची. चार वर्ग, चार शिक्षक. लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. नवी कार्यालयं, नव्या जिपा आणि तपासणीला निघालेले नवे साहेब. त्यातच दुष्काळ पडलेला. विहिरी आटल्या होत्या, पाणी टँकरचं, आणि निम्मं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. साहेबांचा एक वाईट शेरा पडला असता तर मी थेट माहेरी. अप्पा म्हणजे शिवमूर्ती अप्पा, आमचे मुख्याध्यापक. कपाळाला भस्म, अंगानं उंच आणि खुर्चीशी कायमचं वाकडं.

तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी ठेवायचं, ही तेव्हा कित्येक शाळांची न बोललेली रीत होती. मी शिकले त्या शाळेतही तेच चाले, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही. वाचता न येणाऱ्या माझ्या सहा मुलांना मी सांगून टाकलं, उद्या येऊ नका. आईबाप खूशच झाले, त्यांना कामाला हात मिळाले. सकाळी प्रार्थनेला अप्पांनी रांगेवरून नजर फिरवली आणि सहा पोरं कुठं आहेत असं विचारलं. माझ्या तोंडून खरं तेच निघालं. ते रागावले नाहीत. सायकल काढली आणि तलावाकडे निघून गेले. तासाभरानं परतले ते सायकल हातात धरून, चालत. भोवती ती सहा मुलं, केस दगडाच्या भुकटीनं पांढरे. त्यांना तोंडं धुवायला लावली आणि माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसवलं.

साहेब आले. अप्पांनी स्वतःच त्यांना पहिल्या रांगेपासून सुरुवात करायला सांगितलं. रुक्मीण नावाची मुलगी पुस्तक धरून उभी राहिली आणि उभीच राहिली. हा वर्ग कुणाचा, असं साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अप्पा पुढं झाले.

"वर्ग बाईंचा हाय, पण शेरा माझ्या नावावर टाका. सहा पोरांना वाचता येत न्हाई अन् मला ते म्हाईत नव्हतं. दोन महिन्यांनी परत या."

शेरा पडला. अप्पांची बढती जवळ आली होती, ती त्या शेऱ्यानं हुकली, हे मला नंतर करीम गुरुजींकडून समजलं. मी माफी मागायला गेले तर ते म्हणाले, "न शिकलेलं पोर घरी न्हाई पाठवायचं बाई, दुसऱ्या मास्तराकडं पाठवायचं."

आणि त्याच शनिवारपासून तेच सुरू झालं! शाळा सुटली की आम्ही चौघं लिंबाखाली बसायचो. या आठवड्यात आपल्याकडून कोण शिकलं नाही, ते ज्यानं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि ते मूल दुसऱ्यानं मागून घ्यायचं. पहिल्या शनिवारी मी जमिनीकडे बघत सहाही नावं घेतली. रुक्मीणला अप्पांनी घेतलं. दोन शनिवार गेले आणि तिसऱ्या शनिवारी खुद्द मुख्याध्यापकांनी सांगितलं की पोरीला शिकवणं त्यांच्याच्यानंही होईना. ते ऐकून मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मग करीम गुरुजींनी तिला मागून घेतलं. हा माणूस एरवी कधी हसायचा नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि टँकरच्या रांगेत तिच्या घागरीशेजारी जाऊन उभं राहायला सुरुवात केली. टँकरवरची अक्षरं रोज एकेक करून दाखवायची, एवढंच. एका सकाळी रुक्मीण रांग सोडून शाळेत पळत आली आणि दारातूनच ओरडली, "पिण्याचे पाणी!" सगळी शाळा टँकरकडे धावली. अप्पा सगळ्यांच्या पुढं होते, धोतर आवरत. दोन महिन्यांनी साहेब आले तेव्हा सहापैकी पाच जणांनी वाचलं. सहाव्याला वाचायला दिवाळी उजाडली. माझी नोकरी कायम झाली, अप्पांची बढती मात्र परत आली नाही. त्याबद्दल एक अक्षरही ते कधी बोलले नाहीत. माझ्या मनात मात्र ते अजून सलतं.

परवा त्यांच्या घरच्यांना भेटून उदगीरला माझ्या घरी परतताना शाळेपाशी उतरले. शनिवार होता. शाळा सुटलेली, आणि लिंबाखाली चार तरुण शिक्षक बसले होते. माझी ओळखदेख नाही, तरी त्यांनी खुर्ची दिली. इथं काय चाललंय, असं विचारलं, तर एक शिक्षिका म्हणाली की ही इथली जुनी पद्धतच आहे. कुणी लावली, ते चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात एक मास्तर खाली मान घालून म्हणाला, "चौथीतली एक पोरगी हाय. भागाकार काही केल्या जमंना तिला. माझ्याच्यानं न्हाई झालं. कोण घेतं?"



"मी घेते," मी म्हणाले. "सोमवारी येते."